उमेदवाराचा शब्द आणि त्याची साक्ष

निवडणूक हा राज्यशास्त्राचा विषय. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तिच्या वाटेस कशाला जावे, असा प्रश्न ह्या लेखाचे शीर्षक पाहून एखादा वाचक विचारील. त्याला आमचे उत्तर एवढेच की, निवडणुकीचा शेवट मतमोजणीत होत असला तरी तिचा आरंभ शब्दांत होतो. उमेदवार मत मागतो ते शब्दांनी, प्रतिपक्षास खोडून काढतो ते शब्दांनी, आणि पाच वर्षांनंतर त्याचा हिशेब मागावयाचा तोही त्याने दिलेल्या शब्दावरूनच. जेथे शब्दाची देवघेव चालते, तेथे भाषेच्या शिक्षकास परका म्हणता येत नाही. गेल्या दहापंधरा वर्षांत ही देवघेव मैदानातून उठून मोठ्या प्रमाणावर हातातल्या फोनच्या पडद्यावर गेली आहे. फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम इत्यादी साधनांस समाजमाध्यमे म्हणण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. उमेदवार त्यांचा उपयोग कसा करतात, त्या उपयोगाने त्यांच्या बोलण्याचे रूप कसे पालटते, आणि ह्या पालटात मतदाराच्या हातून काय निसटते, हे तीन प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेतले आहेत.

विवेचन हवेत राहू नये म्हणून आम्ही एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवितो. ते म्हणजे मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे बैहर. हा जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी ह्यांचे भाग जोडून बनविण्यात आला. १९५६ पर्यंत तो ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि हिंदी व मराठी ह्या दोन्ही त्या राज्याच्या भाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. तेव्हापासून तेथील मराठी ही कचेरीची भाषा न राहता घरची, सोयरिकीची आणि गोंदियाच्या बाजाराची भाषा होऊन राहिली आहे. बैहर हे घाटावरचे, रानाने वेढलेले गाव. एका अंगास कान्हाचे अभयारण्य, दुसऱ्या अंगास मलाजखंडची तांब्याची खाण, आणि भोवती गोंड व बैगा ह्यांची वस्ती. येथील विधानसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. गोंडी, बैगानी, पोवारी, हिंदी आणि मराठी ह्या भाषा व बोली ह्या मुलखात एकमेकींच्या शेजारी नांदतात. एकाच उमेदवाराला इतक्या कानांशी बोलावयाचे असते, म्हणूनच आमच्या प्रश्नासाठी हे ठिकाण फार बोलके आहे.

१७ नोव्हेंबर २०२३ रोजी मध्यप्रदेश विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा बैहर, लांजी व परसवाडा ह्या मतदारसंघांत सुरक्षेच्या कारणास्तव ते दुपारी तीन वाजताच संपविण्यात आले होते. ३ डिसेंबरला निकाल लागला. राज्यातील २३० जागांपैकी १६३ जागा भारतीय जनता पक्षास मिळाल्या. परंतु बैहरची जागा काँग्रेसचे संजय उइके ह्यांनी भाजपचे भगतसिंह नेताम ह्यांच्यावर साडेपाचशेच्या आसपास मतांनी मात करून राखली. हे अंतर वाचकांनी ध्यानात ठेवावे. साडेपाचशे मते म्हणजे एकदोन गावांची मते. ती कोणत्या कारणाने इकडची तिकडे झाली असती हे सांगणे कोणासही शक्य नाही, आणि तसा तर्क आम्ही करीत नाही. तथापि, जेथे निकाल एवढ्या पातळ धाग्यावर टांगलेला असतो, तेथे मतदानाच्या आदल्या रात्री एका गावाच्या फोनांवर आलेला एखादा मजकूरही क्षुल्लक म्हणता येत नाही. तो खरा होता की खोटा, व तो कोणी पाठविला, हे कोणी पाहावयाचे, हाच खरा प्रश्न आहे.

पूर्वीच्या प्रचाराकडे एकवार वळून पाहू. सभा, भिंतीवरची अक्षरे, ध्वनिक्षेपक लावलेली गाडी आणि हातोहात वाटलेले पत्रक ही त्याची साधने होती. त्यांत अतिशयोक्ती नव्हती वा असत्य नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ह्या सर्वांत एक गुण समान होता: त्यांस साक्षीदार असत. बाजाराच्या दिवशी उमेदवार बोलावयास उभा राहिला की त्याचे समर्थक, विरोधक व तटस्थ हे सर्व एकच वाक्य एकाच वेळी ऐकत. शेतकऱ्यास एक व व्यापाऱ्यास त्याच्या उलट, असे आश्वासन एकाच व्यासपीठावरून देता येत नसे. कारण शेतकरी व व्यापारी शेजारी शेजारी बसलेले असत. पत्रकाची गोष्ट तर कायद्यानेच बांधली. लोकप्रतिनिधित्व अधिनियमात १९६१ साली घातलेल्या १२७ क ह्या कलमान्वये निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव व पत्ता छापणे बंधनकारक झाले. ह्या नियमामागील तत्त्व साधे पण मोलाचे आहे. ज्याला समाजापुढे काही म्हणावयाचे असेल त्याने म्हणावे. मात्र त्याखाली आपले नाव घालावे.

आता पडद्यावरील प्रचाराची घडण पाहू. तिचे ठोकळमानाने तीन थर आहेत. पहिला थर उमेदवाराच्या उघड्या पानाचा. त्यावर दौऱ्याची छायाचित्रे, भाषणांचे तुकडे, सणांच्या शुभेच्छा असे सर्वांस दिसणारे साहित्य असते. दुसरा थर पैसे देऊन केलेल्या जाहिरातीचा. येथे जाहिरात कोणास दिसावी हे वय, स्त्रीपुरुषभेद, वसतिस्थान, आवडीनिवडी इत्यादींवरून ठरविता येते. एकाच म्हणण्याचे चारपाच नमुने थोड्याथोड्या लोकांस दाखवून पाहतात. जो नमुना लोक अधिक वेळ पाहतात किंवा पुढे पाठवितात तो ठेवतात, बाकीचे टाकून देतात. वक्ता पूर्वी श्रोत्यांचे चेहरे पाहून आपले वाक्य फिरवीत असे. तेच काम आता आकडे करतात. तिसरा थर व्हॉट्सॲपच्या गटांचा. मतदानकेंद्रागणिक, गावागणिक, जातीगणिक गट बांधलेले असतात आणि एका गटात हजारावर माणसे घेता येतात. हा थर बाहेरच्यास दिसत नाही. खोट्या मजकुराचा वणवा पसरू नये म्हणून जुलै २०१८ पासून भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली गेली; पुढे एप्रिल २०२० मध्ये जो संदेश अनेकदा फिरून आला आहे तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे ठरले. त्याने वेग मंदावतो. पाठविणाऱ्याचे नाव मात्र उघड होत नाही.

ह्या साधनांमुळे उमेदवाराच्या भाषेवर तीन परिणाम झालेले आम्हांस दिसतात. पहिला संक्षेपाचा. पडद्यावर बोट सरकविणाऱ्या माणसास पहिल्या दोनतीन क्षणांत थांबवावे लागते. त्यामुळे युक्तिवादाचा विस्तार गळून पडतो आणि घोषणा तेवढी उरते. २०२२ साली महाराष्ट्र विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी दिलेली ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा पाहावी. तीत पुरावा नाही, क्रियापदही नाही. परंतु यमक आहे, ताल आहे, आणि ‘खोके’ ह्या बाजारी शब्दाचा नेमका उपयोग आहे. म्हणून ती पायऱ्यांवरून उतरून महिनोन्महिने फोनांवर फिरत राहिली. दुसरा परिणाम नातेवाचक शब्दांचा. मध्यप्रदेशात २०२३ च्या निवडणुकीपूर्वी शिवराजसिंह चौहान ह्यांची ‘मामा’ ही ओळख आणि ‘लाडली बहना’ ही योजना, व महाराष्ट्रात २०२४ साली ‘माझी लाडकी बहीण’ योजना आणि देवेंद्र फडणवीस ह्यांच्यासाठी वापरलेले ‘देवाभाऊ’ हे संबोधन, ह्यांतून शासन व नागरिक ह्यांचे नाते भावाबहिणीचे म्हणून मांडले गेले. फोन हे खाजगी साधन असल्याने त्यावर घरगुती शब्द अधिक शोभतो. परंतु नागरिकास जे हक्काने मिळावयाचे ते भाऊबीज म्हणून मिळाले असे वाटू लागले, तर हिशेब मागणे अवघड होते. भावापाशी पावती कोण मागतो?

तिसरा परिणाम असा की, संदेश बोलणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. २०१९ साली विधानसभेच्या अखेरच्या अधिवेशनात फडणवीस ह्यांनी आपण परत येणार अशी ग्वाही देणारे वाक्य घोळवून उच्चारले होते. निवडणुकीपूर्वी ते आत्मविश्वासाचे होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्रिपद हुकल्यावर तेच वाक्य हजारो चित्रांखाली उपहास म्हणून फिरले. आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी ते पुन्हा मुख्यमंत्री झाले तेव्हा त्याच वाक्यास तिसरा अर्थ आला. शब्द तेच, प्रसंग वेगळा, अर्थ वेगळा. व्यंजनेचा पाठ देण्यासाठी शिक्षकास याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल. उलट १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्यास भर पावसात शरद पवार बोलले, त्या भाषणातील वाक्ये आज फार थोड्यांस आठवतील. पण भिजत उभ्या असलेल्या वृद्ध नेत्याचे चित्र रातोरात महाराष्ट्रभर पोचले. तेथे चित्र हाच संदेश झाला होता.

मात्र आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीतील आहे. राज ठाकरे ह्यांच्या पक्षाने तेव्हा एकही उमेदवार उभा केला नव्हता. तरीही त्यांच्या सभांस गर्दी लोटत होती. ‘लाव रे तो व्हिडिओ’ असे सांगून ते सत्ताधारी पक्षाच्या जुन्या भाषणांचे व जाहिरातींचे तुकडे मोठ्या पडद्यावर दाखवीत आणि मग त्यांवर बोलत. मेळघाटातील हरिसाल हे गाव देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजविले गेले होते. त्या जाहिरातीत लाभार्थी म्हणून दाखविलेल्या तरुणास त्यांनी एप्रिल २०१९ मध्ये व्यासपीठावरच आणून उभे केले. हरिसालही बैहरप्रमाणेच रानातले, आदिवासी वस्तीचे, राज्याच्या सीमेजवळचे. त्याची कीर्ती पडद्यावर आधी गेली आणि साक्षीदार मागाहून आला! प्रतिपक्षानेही गप्प न बसता आशिष शेलार ह्यांच्यामार्फत तशाच चित्रफितींनी उत्तर दिले. निकालात महाराष्ट्रातील ४८ पैकी ४१ जागा भाजप व शिवसेना ह्यांच्या युतीस मिळाल्या. म्हणजे ज्या फिती सर्वांनी पाहिल्या त्यांनी मते फिरलीच असे नाही. तेव्हा समाजमाध्यम हे मत फिरविणारे जादूचे यंत्र आहे, ही समजूत सोडून द्यावी. आम्हांस ह्या प्रसंगाचे मोल वेगळ्या कारणाने वाटते. एकेकट्याने पाहिलेला पडद्यावरील शब्द तेथे पुन्हा मैदानात, सर्वांच्या देखत, तपासास आणला गेला. तुकडे निवडणाराही पक्षपाती असू शकतो, हे खरे. पण उत्तर देणाऱ्यास निदान कशाचे उत्तर द्यावयाचे हे ठाऊक होते.

बैहरच्या रानातील गटांत फिरणाऱ्या संदेशास असे उत्तर कोण देणार? समजा (हे केवळ कल्पित आहे, कोणाही उमेदवारास उद्देशून नाही) वनहक्काच्या पट्ट्यांविषयी एका गावच्या गटात एक आश्वासन गेले आणि खाणीतील कामगारांच्या गटात त्याच्याशी न जुळणारे दुसरे गेले. दोन्ही गट एकमेकांस दिसत नाहीत. प्रतिपक्षास विसंगती कळत नाही, वार्ताहरास कळत नाही, आणि पाच वर्षांनी कोणते वचन मोडले हेही कोणास दाखविता येत नाही. त्यातून मजकूर गोंडीत असेल तर अडचण दुणावते. गोंडी ही लाखो लोकांची भाषा असूनही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. आणि खऱ्याखोट्याची छाननी करणाऱ्या संस्थांचे बहुतेक काम हिंदी, इंग्रजी व इतर मोठ्या भाषांत चालते. लहान भाषेतील असत्य बराच काळ सुखाने नांदू शकते.

यंत्राने घडविलेल्या आवाजाने ह्यात नवी भर घातली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीच्या निवडणुकीत मनोज तिवारी ह्यांची एक चित्रफीत अशी फिरली की, तीत ते स्वतः न बोललेली भाषणे इंग्रजीत व हरयाणवीत बोलताना दिसत होते. ती त्यांच्याच पक्षाच्या प्रचारासाठी केलेली होती. डिसेंबर २०२३ मध्ये वाराणसीत पंतप्रधानांचे हिंदी भाषण ‘भाषिणी’ ह्या साधनाने तत्काळ तमिळमध्ये ऐकविण्यात आले, आणि ते उघडपणे, भाषांतर म्हणून. त्याच वर्षी मध्यप्रदेशातील प्रचाराच्या काळात ‘कौन बनेगा करोड़पति’ ह्या कार्यक्रमाच्या दृश्यांवर बनावट आवाज चढवून राज्यातील राजकारणाविषयीचे प्रश्न विचारल्याचा देखावा पसरविण्यात आला, आणि वाहिनीस त्याचा जाहीर इन्कार करावा लागला. यंत्र तिन्ही ठिकाणी जवळजवळ तेच. भेद आहे तो हे कोणी केले व कसे केले ते सांगितले की नाही, एवढाच. म्हणजे फिरून नावाचाच.

कायदा ह्या बाबतीत अगदी निद्रिस्त आहे असे नव्हे. ऑक्टोबर २०१३ मध्ये निवडणूक आयोगाने ठरविले की, उमेदवाराने शपथपत्रात आपल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती द्यावी, तेथील राजकीय जाहिराती आधी प्रमाणित करून घ्याव्या, आणि त्यांवरचा खर्च, मजकूर तयार करणाऱ्यांच्या वेतनासह, निवडणूक खर्चात दाखवावा. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवारास ही खर्चमर्यादा २०२२ साली ४० लाख रुपये करण्यात आली. २०१९ पासून फेसबुक व गूगल ह्यांच्या राजकीय जाहिरातींची नोंद व खर्च कोणासही पाहता येईल अशी व्यवस्था झाली. मे २०२४ मध्ये आयोगाने पक्षांस बजावले की, बनावट मजकूर निदर्शनास येताच तीन तासांत काढून टाकावा. हे सर्व स्वागतार्हच आहे. पण उमेदवाराने आपल्या खात्यावर स्वतः लिहिलेला मजकूर जाहिरात ठरत नाही. ‘हितचिंतक’ म्हणविणाऱ्याने स्वयंस्फूर्तीने काढलेली फीत हिशेबात येतेच असे नाही. आणि बंद गटात तर शिरकावच नाही. शिवाय मतदानापूर्वीच्या ४८ तासांत सभा बंद होतात, ध्वनिक्षेपक थांबतात. खिशातील फोन मात्र बोलतच राहतो.

येथवर वाचून आम्ही ह्या साधनांचे वैरी आहोत असा ग्रह होऊ नये. ज्याच्यापाशी गाड्यांचा ताफा नाही अशा उमेदवारास ह्यांच्यामुळे आपले म्हणणे स्वस्तात मांडता येते. घाटावरच्या दूरच्या पाड्यावर जेथे कोणताही पुढारी चढून जात नव्हता, तेथे त्याचे बोलणे तरी जाऊन पोचते. मोठ्या व्यासपीठांवर क्वचित ऐकू येणाऱ्या बोलीही ह्या साधनांमुळे प्रचाराच्या भाषा होऊ शकतात, हे भाषाप्रेमी माणसास सुखविणारे आहे. आक्षेप साधनावर नाही. साक्षीवाचून बोलण्याची जी सोय त्याने करून दिली, तिच्यावर आहे.

शिक्षकाचे काम येथे सुरू होते. पुष्कळ घरांत फोन आजोबांच्या नावे असतो आणि त्यावर आलेले वाचून दाखवितो तो शाळेतला नातू. म्हणजे उमेदवाराच्या संदेशाचा पहिला वाचक आपल्या वर्गात बसलेला आहे. त्यास कोणता पक्ष बरा हे सांगणे शिक्षकास शोभणार नाही. तो पुष्कळदा मतदानकेंद्रावरचा अधिकारीही असतो आणि त्याचे ताटस्थ्य हे लोकशाहीचे भांडवल आहे. परंतु कोणताही उतारा वाचताना आपण जे प्रश्न विचारावयास शिकवितो, तेच येथे विचारता येतात. बोलणारा कोण? तो कोणास उद्देशून बोलतो आहे? ह्यात सांगितलेले काय आणि सुचविलेले काय? हे सर्वांसमक्ष म्हणण्यास तो तयार आहे का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एखाद्या शाळेच्या ग्रंथालयात निवडणुकीच्या काळातील सर्व पक्षांची पत्रके व प्रसिद्ध संदेश, तारखेसह, एका वहीत उतरून ठेवले, तर पाच वर्षांनंतर ती वही गावाची स्मृती होईल. बैहरसारख्या ठिकाणी तीत गोंडीतील वाक्य गोंडीतच व मराठीतील मराठीतच असावे, म्हणजे भाषांतरात वचन निसटणार नाही.

‘साक्षर’ हा शब्द अक्षरावरून आला आहे, साक्षीवरून नव्हे, हे आम्ही जाणतो. ओढूनताणून व्युत्पत्ती जुळविण्याचा आमचा हेतू नाही. तरीपण ज्याला अक्षर वाचता येते पण त्यामागे उभा असलेला बोलणारा ओळखता येत नाही, अशा माणसास आजच्या काळात पुरते साक्षर म्हणावे काय, ह्याचा विचार आमच्या सहकाऱ्यांनी करावा. १९६१ च्या कायद्याने पत्रकाखाली नाव मागितले होते. पडद्यावरच्या शब्दाखाली ते नाव मागण्याची सवय मतदारास लागली, तर बैहरचा निकाल साडेपाचशे मतांनी लागो की पाच मतांनी, तो उघड्यावर दिलेल्या शब्दाचा निकाल असेल.